एअरब्रशने टी-शर्ट रंगवायचा धंदा: स्वस्त रंग कसा निवडायचा?

एअरब्रश कसा धरायचा आणि स्टेन्सिल कशी कापायची, हे व्हिडिओत दाखवलं आहे. पण व्हिडिओत हिशोब नीट बसत नाही. तो कागदावर मांडावा लागतो. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आजचा प्रश्न साधा आहे: कापडावर एअरब्रशने डिझाइन मारायचं, ते धुतल्यावर टिकायला हवं, आणि रंग खिशाला परवडायला हवा. मग कोणता रंग घ्यायचा?

उत्तर एका ओळीत सांगतो. बाटलीवरचा भाव बघू नका. दहा धुण्यांनंतर टिकलेल्या एका शर्टामागे रंगाला किती पैसे पडले, ते बघा. बाकीचा सगळा लेख म्हणजे हा आकडा कसा काढायचा, एवढंच.

उदाहरणासाठी गाव: लोहगडवाडी

धंदा हवेत शिकता येत नाही, म्हणून एक खरी जागा डोळ्यांसमोर ठेवू. मावळ तालुक्यातली लोहगडवाडी. मळवली स्टेशनला उतरायचं, भाजे गावावरून वर यायचं, की लोहगडाच्या पायऱ्या इथूनच सुरू होतात. शेजारी विसापूर. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगड आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे पुण्या-मुंबईची गर्दी असते.

समजा, इथल्या एका ताईंनी घरासमोर स्टॉल लावला. टी-शर्टवर विंचूकाट्याचं चित्र, खाली गिऱ्हाइकाचं नाव. कल्पना चांगली आहे. पण या जागेच्या तीन अडचणी रंगाच्या निवडीवर थेट परिणाम करतात.

पहिली: गिऱ्हाईक परगावचं. शर्ट पहिल्या धुण्यात उडाला तर तो बदलून घ्यायला कोणी मुंबईहून मळवलीला येणार नाही. तो मोबाइलवर एक तारा देईल आणि फोटो टाकेल. तुम्हाला चूक सुधारायची संधीच मिळणार नाही.

दुसरी: जेव्हा गर्दी, तेव्हाच दमट हवा. लोणावळ्याच्या पावसाबद्दल मावळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाण्यात मिसळणारा रंग अशा हवेत हळू सुकतो.

तिसरी: वीज. वादळ-पावसात ती जाते. कॉम्प्रेसर आणि इस्त्री दोन्ही विजेवर.

तुमचं गाव वेगळं असेल तर तुमच्या तीन अडचणी वहीत लिहा. रंग निवडताना त्या समोर असल्या पाहिजेत.

कापडाचा रंग टिकतो कशामुळे?

कापडाच्या रंगात मुख्य गोष्टी दोन. एक पिगमेंट, म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड. दुसरा बाइंडर, म्हणजे त्या पुडीला धाग्याशी चिकटवून ठेवणारा पदार्थ. पिगमेंट स्वतः कापडाला धरून बसत नाही. त्याला बाइंडर धरून ठेवतो. आणि बाइंडरची पकड पक्की होते ती पूर्ण सुकल्यावर आणि उष्णता दिल्यावर.

म्हणजे धुण्यात टिकणं हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: बाइंडर पुरेसा आहे का, शर्ट पूर्ण सुकला का, आणि उष्णता नीट लागली का. महागडा रंग घेऊन तिसरी पायरी गाळली तर तोही उडतो.

बाजारात काय मिळतं?

१. ब्रशने वापरायचे फॅब्रिक रंग. पिडिलाइटचे फेविक्रिल किंवा कोकुयो कॅमलिनचे कॅमल. स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर सगळ्या छटा एका फेरीत होतील. फायदा हा की लहान बाटली मिळते, पैसे अडकत नाहीत. अडचण ही की हे रंग ब्रशसाठी दाट बनवलेले असतात. एअरब्रशमध्ये तसेच ओतले तर नोझल बंद. ते पातळ करावे लागतात.

पातळ करताना नुसतं पाणी ओतू नका. थोडं पाणी चालतं, पण जास्त झालं की रंग कापडात पसरतो, कडा फुटतात, आणि थर इतका विरळ बसतो की धरून ठेवणारा पदार्थच कमी पडतो. त्याच कंपनीचं फॅब्रिक मीडियम घ्या. सुरुवातीला एक भाग रंग, एक भाग मीडियम, मग थेंब-थेंब पाणी. साय काढलेल्या दुधाइतका पातळ झाला की थांबा.

२. छपाईवाल्यांची पिगमेंट पद्धत. टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करणारे लोक पिगमेंट, बाइंडर आणि फिक्सर वेगवेगळे घेतात. हे किलोवर मिळतं, म्हणून मिलीलीटरमागे सगळ्यात स्वस्त. छपाईत यात घट्टपणा आणणारा पदार्थ घालतात, नाहीतर रंग जाळीतून वाहून जाईल. आपल्याला एअरब्रशसाठी पातळच रंग हवा. म्हणून तो पदार्थ आपण घालायचाच नाही. दुकानात स्पष्ट सांगा: “पिगमेंट, बाइंडर आणि फिक्सर सुटे द्या. तयार घट्ट पेस्ट नको. प्लास्टिसोल नको.” प्लास्टिसोल ही शाई जाळीसाठी आहे. ती साध्या हवेत सुकतही नाही.

फिक्सर घेताना फॉर्मल्डिहाइड नसलेला किंवा कमी असलेला मागा. लहान मुलांचे कपडे करणार असाल तर यात तडजोड नको.

३. खास एअरब्रशसाठी तयार केलेले परदेशी रंग. क्रिएटेक्स, जॅकार्ड ही नावं तुम्ही ऐकली असतील. बाटलीतून थेट कपात ओतता येतात, काम सुंदर होतं. पण मिलीलीटरमागचा भाव आपल्या स्टॉलला झेपत नाही. यातली एकच काळी बाटली घ्या, ती मोजपट्टी म्हणून. आपला स्वस्त रंग याच्या शेजारी ठेवून धुवायचा. कशासाठी, ते पुढे सांगतो.

४. जे घ्यायचंच नाही. पोस्टर कलर पाण्यात परत विरघळतो, पहिल्याच धुण्यात बादली रंगीत. भिंतीचा डिस्टेंपर किंवा इमल्शन, गाडीचा स्प्रे, ऑइल पेंट: हे कापडासाठी नाहीत. कापड कडक होतं, घडीवर थर फुटतो, आणि थिनरचा वास घरभर. “चालतंय की” म्हणणारे भेटतील. त्यांना दहा वेळा धुतलेला शर्ट दाखवायला सांगा.

आता हिशोब

खालचे भाव मी उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानातले भाव टाकून हाच हिशोब पुन्हा करा. छातीवरच्या एका डिझाइनला तयार केलेला, म्हणजे पातळ केलेला, १० मिली रंग लागतो असं धरू.

*फॅब्रिक रंग:* १०० मिली रंग १५० रुपये, १०० मिली मीडियम १०० रुपये. मिळून २०० मिली, २५० रुपये. एका शर्टाला १२ रुपये ५० पैसे.

*पिगमेंट पद्धत:* एक लिटर मिश्रणासाठी पिगमेंट ५० ग्रॅम (६०० रुपये किलोने ३० रुपये), बाइंडर २५० ग्रॅम (१६० रुपये किलोने ४० रुपये), फिक्सर १५ ग्रॅम (२०० रुपये किलोने ३ रुपये), ग्लिसरीन २० ग्रॅम (२५० रुपये किलोने ५ रुपये), बाकी पाणी. एकूण ७८ रुपये लिटर. एका शर्टाला ७८ पैसे.

*परदेशी रंग:* ६० मिली ६०० रुपये. एका शर्टाला १०० रुपये.

बघून वाटेल, पिगमेंटच घ्यायचा, विषय संपला. थांबा. शर्टाची विक्री किंमत ४५० रुपये धरा. पिगमेंट घेतल्याने प्रत्येक शर्टामागे वाचले ११ रुपये ७२ पैसे. आता एक शर्ट खराब झाला आणि गिऱ्हाइकाला ४५० परत दिले, तर किती शर्टांची बचत गेली? ४५० भागिले ११.७२. म्हणजे ३८ शर्टांची.

३८ शर्टांत एक जरी उडाला, तर स्वस्त रंगाने कमावलेलं सगळं गेलं. वीस शर्टांत एक उडाला, तर प्रत्येक शर्टावर साडेबावीस रुपयांचा फटका, वाचले पावणेबारा. आणि यात वाईट रिव्ह्यूमुळे न आलेलं गिऱ्हाईक धरलेलंच नाही.

दुसऱ्या बाजूनेही बघा. साडेबारा रुपये म्हणजे ४५० रुपयांच्या तीन टक्केही नाहीत. कोऱ्या शर्टाचा खर्च याच्या कितीतरी पट. तरी आपण घासाघीस रंगावर करतो, कारण तो दुकानात वेगळा घ्यावा लागतो आणि डोळ्यांत खुपतो.

म्हणून माझा सल्ला टप्प्याटप्प्याने:

- पहिले ३० ते ४० शर्ट: फॅब्रिक रंग आणि मीडियम. फक्त चार बाटल्या: काळा, निळा, लाल, पिवळा. बाकी छटा मिसळून करा.
- महिन्याला ५० शर्ट सातत्याने जायला लागले की: पिगमेंट पद्धत. पण आधी खालची धुण्याची परीक्षा पास झाली पाहिजे, आणि उष्णता देण्याची पक्की सोय झाली पाहिजे.
- पांढरा रंग आणि गडद शर्ट: सुरुवातीला नको. झाकणारा पांढरा रंग जड असतो, कपात तळाला बसतो, नोझल अडवतो, आणि दोन-तीन थर लागतात. पांढऱ्या, फिकट पिवळ्या, आकाशी शर्टांवर सुरुवात करा.

शर्ट कोणता?

सुती घ्या. ट्रेकिंगवाले ड्राय-फिट घालतात, म्हणून पॉलिएस्टर घ्यायचा मोह होईल. पण त्याच्या गुळगुळीत धाग्यावर हा रंग सुतीइतका धरत नाही, आणि जास्त गरम केलं तर कापडाचाच रंग वर येऊ शकतो. १८० जीएसएमच्या आसपासचा सुती शर्ट हाताळायला बरा पडतो.

नव्या शर्टावर कांजी किंवा सॉफ्टनरचा थर असतो. रंग त्या थरावर बसला तर थराबरोबर निघतो. म्हणून शर्ट आधी साध्या साबणाने धुऊन, वाळवून घ्या. सॉफ्टनर घालू नका.

दमट हवेत रंगवताना

१. रंगवण्याआधी कोरा शर्ट दहा सेकंद इस्त्रीखाली धरा. हाताला कोरडा लागणारा शर्टही पावसाळ्यात ओलसर असतो.

२. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. दमट हवा दाबली की नळीत पाणी जमतं आणि ऐन नावाच्या अक्षरावर थेंब उडतो. तो फिल्टर दिवसातून दोन-तीनदा रिकामा करा.

३. नोझल ०.५ मिमीचं घ्या. ०.३ मिमी बारीक रेघांसाठी छान, पण कापडाच्या रंगाने लवकर तुंबतं. दाब साधारण ४० ते ५० पीएसआय. कागदापेक्षा कापडाला जास्त दाब लागतो.

४. रंग कपात ओतण्याआधी जुन्या नायलॉनच्या पायमोज्यातून गाळा. याला पैसा लागत नाही, आणि निम्मी डोकेदुखी वाचते.

५. एकच जाड थर मारू नका. पातळ थर, पंखा किंवा केस वाळवायचं मशीन, पुन्हा पातळ थर.

६. फिक्सर घातलेलं मिश्रण त्या दिवशी लागेल तेवढंच बनवा. साठवू नका.

७. नाकावर एन-९५ मास्क आणि दार-खिडकी उघडी. हवेत उडणारा बारीक तुषार फुप्फुसात जायला नको. तान्हं बाळ असलेल्या खोलीत हे काम नाही.

ग्लिसरीन टोकावर रंग लवकर सुकू देत नाही, म्हणून उपयोगी. पण पावसाळ्यात ते कमीच ठेवा. जास्त झालं तर शर्ट चिकट राहतो.

उष्णता: इथेच धंदा टिकतो किंवा बुडतो

पिगमेंट पद्धतीत साधारण १५० अंश सेल्सिअसला ३ ते ५ मिनिटं उष्णता द्यावी लागते. बाइंडरच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. फॅब्रिक रंगांच्या बाटलीवरही इस्त्री कधी करायची आणि धुवायचं कधी, हे छापलेलं असतं. ते वाचा. बहुतेक जण वाचत नाहीत.

घरच्या इस्त्रीवर आकडे नसतात, पण कपड्यांच्या लेबलवर ठिपके असतात: दोन ठिपके म्हणजे १५० अंशांपर्यंत, तीन म्हणजे २०० अंशांपर्यंत. सुती कापड तीन ठिपके सोसतं. शर्ट पूर्ण सुकल्यावर उलटा करा, खाली साधं सुती कापड, वाफ बंद, आणि डिझाइनच्या प्रत्येक भागावर वेळ मोजून इस्त्री. घाईने एकदा फिरवली म्हणजे झालं, असं नाही. ओल्या रंगावर इस्त्री ठेवली तर आतलं पाणी वाफ होऊन थर सैल करतं.

महिन्याला शंभर शर्ट व्हायला लागले की हीट प्रेसचा विचार करा. पण लक्षात ठेवा, हीट प्रेस घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालत नाही. वीज गेली तर काम थांबणार. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत चित्रं मारून, गरम करून स्टॉक तयार ठेवा. शनिवारी-रविवारी फक्त नाव टाकायचं.

आणि लोहगडवाडीला एक मोठा फायदा आहे. गिऱ्हाईक आधी गड चढतं, मग उतरतं. ऑर्डर चढताना घ्या, शर्ट उतरताना द्या. विंचूकाटा बघून येईपर्यंत तुम्हाला सुकवायला आणि इस्त्रीला दोन तास तरी मिळतात. “पाच मिनिटांत देते” असं सांगून ओला शर्ट पिशवीत घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

धुण्याची परीक्षा

कापड धुण्यात किती टिकतं हे मोजायच्या अधिकृत प्रयोगशाळा पद्धती आहेत, त्यात ५ ते १ असे गुण देतात. आपण तोच विचार घरी वापरू.

- एकाच सुती कापडाचे तुकडे घ्या. प्रत्येक रंगाचा सारखाच चौकोन मारा. मोजपट्टीचा परदेशी रंगही मारा. प्रत्येक तुकड्यावर लाँड्री मार्करने नंबर लिहा.
- सुकवा, इस्त्री करा, तीन दिवस थांबा.
- प्रत्येक तुकडा मधून कापा. अर्धा कपाटात ठेवा, अर्धा धुवायचा.
- दहा वेळा धुवा. त्यातले पाच मशीनमध्ये. पाच आपल्या पद्धतीने: दगडावर, साबणाच्या वडीने, ब्रश मारून. गिऱ्हाइकाच्या घरी हेच होणार आहे.
- पांढरं फडकं ओलं करून चौकोनावर दहा वेळा घासा. फडक्याला रंग लागला का?
- कापड ताणा. भेगा दिसतात का?
- कपाटातला अर्धा शेजारी ठेवून उजेडात बघा. फरक दिसत नाही तर ५, जरासा दिसतो तर ४, स्पष्ट दिसतो तर ३, त्याखाली नापास.

४ च्या खाली आलेला रंग विकायचा नाही. कितीही स्वस्त असला तरी. नापास झाला तर लगेच दुकानदाराला दोष देऊ नका. आधी उष्णतेचा वेळ वाढवून पुन्हा परीक्षा घ्या. मग बाइंडर थोडा वाढवून घ्या. एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. कोणत्या रंगाला किती मीडियम आणि किती मिनिटं इस्त्री, ही तुमची स्वतःची कृती तयार होते. तीच तुमची खरी पुंजी.

शर्टासोबत चिठ्ठी द्या

“तीन दिवस धुऊ नका. उलटा करून, थंड पाण्यात धुवा. चित्रावर ब्रश मारू नका. ब्लीच नको. सावलीत वाळवा.” पाच ओळी, मराठी आणि हिंदीत. ब्रशची परीक्षा आपण घेतली आहे, तरी सूचना द्यायचीच. खाली तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि एक वाक्य: “पाच धुण्यांत रंग गेला तर फोटो पाठवा, नवा शर्ट कुरिअरने देऊ.” ही हमी परीक्षा पास झाल्यावरच द्या. पण द्या. परगावच्या गिऱ्हाइकाला वाईट रिव्ह्यू लिहिण्याआधी तुमच्याशी बोलायचा रस्ता मिळतो.

तीन गोष्टी विसरू नका

युनेस्कोचं किंवा जागतिक वारशाचं बोधचिन्ह परवानगीशिवाय शर्टावर छापू नका. गडाचं चित्र स्वतः काढा, ते तुमचंच राहील. लोहगड हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, म्हणून स्टॉल गावात, ग्रामपंचायतीला विचारून, गडावर नाही. आणि एअरब्रश धुतलेलं पाणी ओढ्यात टाकू नका. लोहगडाच्या एका बाजूला इंद्रायणीचं खोरं, दुसऱ्या बाजूला पवनेचं. ते पाणी बादलीत रात्रभर ठेवा, खाली बसलेला गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात टाका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या गावातल्या दोन दुकानांतून फॅब्रिक रंग आणि मीडियमचे भाव लिहून आणा.

२. वरचा हिशोब तुमच्या भावांनी करा. स्वतःचा “३८” काढा, म्हणजे किती शर्टांत एक खराब झाला तर बचत संपते.

३. चार तुकड्यांची धुण्याची परीक्षा सुरू करा. रोज एक धुणं, दहा दिवस.

तोवर एकही शर्ट विकू नका. दहा दिवस उशिरा सुरू झालेला धंदा बुडत नाही. भेटू पुढच्या भागात, विषय आहे कोऱ्या शर्टांची घाऊक खरेदी.